काडी हातात दिल्याबद्दल

कृष्णाकाठ, जि. सांगली

तीर्थस्वरूप तात्यांस,
साष्टांग नमस्कार.

यंदाचा हळदीचा हंगाम उरकला. समोर येऊन आभार मानावेत तर तुम्ही "बरं बरं, च्या घ्या" म्हणून विषय मोडता, म्हणून सगळ्यांदेखत लिहितोय.

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचं कौतुक पोतं बाजारात गेल्यावर. हळद शिजवायच्या वाफेच्या कुकरपाशी मात्र दिवसभर वाफ, धूर, ओली पोती आणि माल बिघडला की "कुणी बिघडवला?" ही भांडणं. तिथं राबणाऱ्या माणसाला सांजेला बरं वाटावं, याची सोय तुम्ही लावलीत.

सगळ्यात मोठी सोय म्हणजे काडी. शिजलं का नाही ते एकट्या मुकादमानं सांगायचं आणि बाकीच्यांनी नुसतं ओतायचं, ही रीत तुम्ही मोडलीत. ड्रम भरणाऱ्या पोरापासून भट्टीत पाचट सारणाऱ्या मावशींपर्यंत प्रत्येकाच्या हातात काडी. हळकुंडात ती न अडता गेली पाहिजे. मग ते मोडून बघायचं. कच्च्याचा गाभा लालसर आणि कड फिकी, शिजलेलं कडेपर्यंत एकसारखं पिवळं. घड्याळावर तुमचा भरवसा नाही. पाण्याच्या कढईला पाऊण ते एक तास धरता येतो. वाफेच्या कुकरात दाब, भरती आणि कंदाची जाडी बघावी लागते. कच्चं राहिलेलं वाळायला वेळ खातं आणि पॉलिशला त्याचे तुकडे पडतात, जास्त शिजलेल्याचा रंग जातो. हे एकदा आपल्या बोटांना कळलं की ड्रम ओतताना कुणाच्या तोंडाकडं बघावं लागत नाही.

मधले जाड गड्डे आणि त्यांना फुटलेली हळकुंडं वेगळी शिजवायचा तुमचा हट्टही त्यासाठीच. एकत्र टाकली तर गड्डा शिजेपर्यंत हळकुंडाचा लगदा होतो आणि बोल काडी लावणाऱ्याला. निवडणीत वेळ जातो, जाऊ दे.

चार ड्रम झाले की भट्टीवरचं माणूस निवडणीला, निवडणीवरचं ओतायला. तोंडावर वाफ घेत सलग बसलेलं माणूस दुपारनंतर चुकतंच. त्याला आळशी म्हणू नका, सावलीत बसवा, हे तुमचं म्हणणं. आणि दर ड्रमामागं पत्र्यावर खडूची रेघ, सगळ्यांना दिसेल अशी. सांजेला रेघा मोजून तिथल्या तिथं मजुरी. कामातल्या समाधानावर बोलणारे पुष्कळ भेटतात, रोजचा हिशोब रोज चुकता करणारे थोडे.

मग वाळवण. खळ्यावर दोन-तीन इंचांचा थर, रात्री झाकायचा, असे दहा ते पंधरा दिवस. थर फार पातळ केला तर रंग उतरतो. पाच क्विंटल ओल्या हळदीची वाळून जेमतेम एक क्विंटल होते, ते बघून नवखा हिरमुसतो. त्याला तुम्ही ढिगातलं एक हळकुंड देता आणि कानाजवळ धरून मोडायला लावता. ओल असेल तर ते आधी वाकतं, मुकाट मोडतं. वाळलेलं कडकन वाजतं. तो आवाज आला की पोरगं दुसरं उचलतं, मग तिसरं, आणि तुम्ही लांबूनच ओरडता, "मोडायला दिलंय, संपवायला नाही!"

जानेवारीत पाला कापला की निरोप धाडा. काड्या तासून ठेवतो.

आपली,
कुकरवरची सगळी मंडळी