चिपळूणजवळ मदत करणाऱ्या दोघांचे जाहीर आभार

मुंबई-गोवा महामार्गावर चिपळूणच्या अलीकडे आमची गाडी बंद पडली असता, स्वतःचा खोळंबा सोसून जंपर केबल (दोन गाड्यांच्या बॅटऱ्या जोडणारी वायर) लावून देणारे टेम्पोचालक आणि नंतर बिघाडाचे मूळ शोधणारे ऑटो इलेक्ट्रिशियन काका, या दोघांनीही नाव सांगायचे टाळले. म्हणून हे जाहीर आभार.

चार्जिंग होत नाही म्हटले की बॅटरी किंवा अल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर वीज तयार करून बॅटरी भरणारे यंत्र) बदला, असाच सल्ला बहुधा मिळतो, आणि आम्हालाही तो आधी एका गॅरेजात मिळाला होता. काकांनी मात्र हेडलाइट लावून, इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचे उपकरण) धरला. बॅटरीच्या टोकांवर साधारण १४ व्होल्ट दिसायला हवेत, तिथे १२.५ च होते. पण अल्टरनेटरचा आउटपुट बोल्ट आणि त्याची बॉडी यांच्यामध्ये १४.२ मिळाले. म्हणजे वीज तयार होत होती, वाटेत अडत होती. पॉझिटिव्ह वायरवर तूट जेमतेम ०.१ व्होल्ट, तर अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचे निगेटिव्ह टोक यांच्यामध्ये तब्बल १.६! इंजिनाची अर्थिंग पट्टी, म्हणजे वीज परत बॅटरीकडे नेणारी जोडणी, गंजली होती. कोकणच्या दमट हवेत यात नवल नाही. पट्टी घासून, बोल्ट आवळताच बॅटरीवर १४ व्होल्ट आले.

चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर चालतो का ते पाहण्याची जुनी युक्ती मी सुचवली, तेव्हा व्होल्टेज उसळून ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) जळू शकतो, असे सांगून त्यांनी ती ठामपणे नाकारली, याबद्दल त्यांचे विशेष आभार.