स्वतःची पाळी आली तेव्हा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेला पंधरवडा आपल्या वाचकपत्रांत एकच वाद चालू आहे : कीर्तनकार, भटजी, फादर, मौलवी, मठाधिपती ही मंडळी जे लोकांना शिकवतात त्यावर त्यांचा स्वतःचा विश्वास असतो का? बहुतेक पत्रांचा सूर असा, की त्यांना आतून सगळं ठाऊक असतं, पोटासाठी गप्प बसतात. दोघा-तिघांनी दुसरं टोक गाठलं आणि प्रश्न विचारणाऱ्यालाच पाखंडी ठरवलं. मी भिक्षुकाच्या घरात वाढलो. वडिलांनी कृष्णाकाठच्या आमच्या गावात चाळीस वर्षं दहाव्या-बाराव्याची, श्राद्धपक्षाची कामं केली. मी पोस्टात नोकरी केली, पण लहानपणी त्यांच्यामागे दर्भाची पिशवी धरून घाटावर पुष्कळ वेळा गेलो आहे. दोन्ही बाजूंची पत्रं वाचून मला मनापासून वाईट वाटलं, म्हणून लिहितो आहे.

दहाव्याला पिंड ठेवले, की सगळे पायऱ्यांवर मागे सरकून झाडाकडे बघत बसत. कावळा शिवला नाही, की वडील ठरलेलं वाक्य म्हणत, "काही इच्छा राहिली असेल. बोला." मग कोणी पुढे होऊन म्हणे, "धाकटीचं लग्न आम्ही करून देऊ." कोणी म्हणे, "आईला अंतर देणार नाही." अर्धा तास वाट बघायची, नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायचा आणि पुढचं आटपायचं. वडील यात कधी अडखळले नाहीत. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नसे आणि पुढे आणखी एक काम असे.

1978 च्या वैशाखात, मी आठवीत असताना, माझे काका गेले. त्यांना आम्ही बापू म्हणत असू. वय अडतीस. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून बापू आणि वडील चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. वडिलांना सुतक, त्यामुळे दहाव्याला शेजारच्या गावचे गुरुजी आले होते आणि वडील पहिल्यांदाच यजमानांच्या बाजूला बसले होते. बापूंच्या सहा वर्षांच्या मुलाने पिंड ठेवले. अर्धा तास झाला. समोरच्या पिंपळावर कावळे होते, पण एकही खाली उतरेना. गुरुजींनी सवयीने दर्भ हातात घेतला आणि विचारलं, "करू या का?" वडिलांनी हात वर केला. "थांबा."

ते उठले, तापलेल्या पायऱ्या अनवाणी उतरून पिंडांजवळ गेले आणि सगळ्या गावासमोर म्हणाले, "बापू, विहिरीची तुझी पाळी तुझ्या पोरांना देतो रे. मी अडवणार नाही." त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. एक कावळा खालच्या पायरीवर आला, दोन उड्या मारल्या आणि उडून गेला. वडील खाली बसले. बारा वाजले, एक वाजला. मुलाला सावलीत नेलं. माणसं एकेक करून निघाली. तीनच्या सुमारास वडील स्वतःच गुरुजींना म्हणाले, "करा आता."

कावळा शिवला नव्हता. तरी सोमवार आणि गुरुवारचं पाणी त्या आठवड्यापासून काकूंच्या शेताकडे वळलं आणि अजून तिकडेच जातं.

माझ्या वडिलांचा विश्वास होता का? आदल्या महिन्यापर्यंत दुसऱ्यांच्या दहाव्याला अर्ध्या तासात उठणारा माणूस ढोंगी होता, असं मला म्हणवत नाही. ते पाठांतरात होते, कामात होते, आणि तो प्रश्न त्यांच्यापर्यंत आलाच नव्हता. या क्षेत्रातल्या बहुसंख्य माणसांचं असंच असतं. त्यांना 'आतून ठाऊक' वगैरे काही नसतं. वडिलांकडून आलेली पोथी असते, मुखोद्गत मंत्र असतात आणि समोर घाईतला यजमान असतो. पाळी स्वतःवर आली की मग कळतं, त्यांना आणि बघणाऱ्यालाही.

पंढरपूरचं उदाहरण घ्या. विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी 1 मे 1947 रोजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केलं, आणि अखेर दार उघडलं. त्या वेळी काही सनातनी मंडळींनी विधी करून देवाचं तेज मूर्तीतून पाण्याच्या घागरीत काढून घेतलं, ही हकिकत पंढरपुरात आजही सांगतात. चोखोबांना शतकानुशतकं पायरीबाहेर ठेवणाऱ्या त्या विचाराचा मला संताप येतो. पण त्या घागरीवर विश्वास ठेवून ज्याने पुन्हा मंदिरात पाऊल टाकलं नाही, मूर्तीपुढच्या उत्पन्नावर पाणी सोडलं, त्याच्या प्रामाणिकपणावर मी शंका घेणार नाही. तो मनापासून मानत होता आणि त्याचं मानणं माणुसकीला सोडून होतं. घागरीची गोष्ट खरी मानून जो कोणी तरीही त्याच मूर्तीपुढे दक्षिणा मोजत राहिला असेल, त्याला मात्र विचारावंसं वाटतं, की बाबा रे, तू नक्की कुणाची पूजा करत होतास? पत्रलेखकांनी इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रामाणिकपणा सिद्ध झाला म्हणून शिकवण बरोबर ठरत नाही. साने गुरुजीही प्रामाणिक होते आणि घागरवालेही.

आता शंकेबद्दल. मदर तेरेसांची खाजगी पत्रं 2007 साली, त्यांच्या निधनाला दहा वर्षं होताना, प्रसिद्ध झाली. 1946 साली दार्जिलिंगला जाताना आगगाडीत त्यांना गरिबांसाठी काम करण्याची हाक आली, असं त्या सांगत. ते काम उभं राहिलं आणि जवळजवळ तेव्हापासूनच आतला उजेड गेला. मधला थोडा काळ सोडला तर सुमारे पन्नास वर्षं प्रार्थनेत त्यांना देवाची चाहूल लागत नव्हती. 1979 साली त्यांना नोबेल मिळालं, त्याच वर्षीच्या एका पत्रात हीच पोकळी आहे. ही पत्रं नष्ट करा, असं त्यांनी आपल्या धर्मगुरूंना विनवलं होतं. त्यांच्या कामावर टीका करणारे पुष्कळ आहेत आणि त्यातले काही मुद्दे मला पटतातही. पण या पत्रांवरून त्यांना ढोंगी म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. काही जाणवत नसताना पहाटे उठून गुडघे टेकणं हे काय असतं, ते मी घरी पाहिलं आहे.

फ्रान्समधल्या ज्याँ मेलिए या खेड्यातल्या पाद्रीची गोष्ट याहून अवघड आहे. 1689 पासून 1729 मध्ये मरेपर्यंत, चाळीस वर्षं, त्याने एकाच गावात बाप्तिस्मे दिले, लग्नं लावली, माणसं पुरली. मेल्यावर त्याच्या हाताने लिहिलेल्या एका मोठ्या ग्रंथाच्या तीन प्रती सापडल्या. त्यात त्याने देव आणि धर्म दोन्ही नाकारले होते, आणि इतकी वर्षं आपण तुम्हाला हे खोटं शिकवत राहिलो म्हणून गावकऱ्यांची क्षमा मागितली होती. 'आतून ठाऊक असतं' म्हणणाऱ्यांचा हा हक्काचा साक्षीदार. पण चाळीस वर्षं तो का बोलू शकला नाही, हेही बघायला हवं. त्या काळी असं बोलणं म्हणजे जिवाशी खेळ होता.

आणि आपल्याकडे त्याच्या आधीच्या पिढ्यांत देहूचा एक वाणी उघडपणे 'माझे लेखी देव मेला' म्हणून गेला. तुकोबांनी देवाशी भांडण केलं, त्याला नाही नाही ते बोलले, आपल्या मनाची तडफड झाकली नाही. लोकांनी ते अभंग पुसून टाकले नाहीत. त्याच गाथेत जपले, आणि वारकरी त्याच तुकोबांची पालखी दरवर्षी खांद्यावर घेतात. तुकोबांना छळणारे होतेच, पण त्यांची शंका ऐकून घेणारेही होते. मेलिएला तसं एकही माणूस मिळालं नाही.

माझ्या वडिलांनाही फारसे मिळाले नाहीत. बापूंच्या दहाव्यानंतर 'इच्छा राहिली असेल' हे वाक्य त्यांनी पुन्हा कधी उच्चारलं नाही. कोणी विचारलं, "गुरुजी, का शिवत नसेल?" तर म्हणायचे, "मला माहीत नाही. पण आपण थांबू." आणि खरंच बसून राहायचे, दोन-दोन तास. लोकांना ते आवडलं नाही. भटजीलाच माहीत नाही तर बोलवायचं कशाला, अशी कुजबुज सुरू झाली. पुढच्या दोन-तीन वर्षांत निम्मी कामं तालुक्याच्या एका गुरुजींकडे गेली. ते कारण लगेच सांगायचे आणि वर एखादी शांत सुचवायचे. त्यांना मी दोष देत नाही. लोकांना तेच हवं होतं. आमच्या घरी मात्र त्या वर्षी दिवाळीत आईने फक्त शंकरपाळ्या केल्या होत्या, हे मला आठवतं.

धर्मगुरू मनातली शंका बोलत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या वाचकांना माझं सांगणं आहे, की बोलणाऱ्याला आपण घरी बसवतो. मठाधिपतीचा एक शब्द डळमळला तर देणग्या आटतात. कीर्तनकार 'मला कळत नाही' म्हणाला, तर पुढच्या सप्ताहाला दुसऱ्याला सुपारी जाते. खात्रीची मागणी आपलीच, आणि ती पुरवणारा खोटा निघाला की ओरडही आपलीच.

यातून कुणी असं समजू नये, की बुवाबाजीला मी पांघरूण घालतो आहे. तिथे बुवाचा स्वतःचा विश्वास होता की नव्हता हा प्रश्नच गैरलागू आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं हा त्यात गुन्हा आहे. मांत्रिकाची मंत्रावर श्रद्धा होती का, हे कायदा विचारत नाही. रोगी दवाखान्यात पोहोचू दिला की नाही, एवढंच विचारतो. मला हे फार योग्य वाटतं. आणि भक्तांना 'औषध सोडा, नामस्मरण करा' म्हणणारा स्वतःच्या छातीत दुखू लागल्यावर कुठे जातो, हे भक्तांनी अवश्य बघावं.

वडील गेले त्याच्या आदल्या पावसाळ्यात मी त्यांना एकदा सरळ विचारलं होतं, "दादा, कावळ्याचं तुम्ही खरं मानता का?" ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "मानत होतो तेव्हा अर्ध्या तासात उठायचो. आता माहीत नाही, तर उठवत नाही."

आपणास एक विनंती आहे. या वादात आतापर्यंत भिक्षुक, कीर्तनकार, फादर किंवा मौलाना यांचं एकही पत्र आलेलं नाही. त्यांना लिहायला सांगा. नाव छापू नका, गाव छापू नका. त्यांच्यापैकी कोणी 'मला माहीत नाही' असं लिहिलं, तर ते पत्र कृपया काटछाट न करता छापा.

आपला,
एक वाचक, जि. सातारा