बोट खाली कर!

सेन्योरा,

हे पत्र तुला वाचता येणार नाही आणि त्यात चूक तुझीच आहे. शिकायला म्हणून तुझ्या घरी नऊ महिने राहून मी निघायच्या आदल्या रात्री तूच म्हणालीस, "एकदा तुझ्या लिपीत लिही. ती वरून रेघ ओढलेली अक्षरं मला फ्रिजवर लावायची आहेत." तर घे, लाव. मजकूर मी फोनवर सांगेनच. तोवर इकडे जी पोरंपोरी स्पेनला शिकायला निघाली आहेत, त्यांना वाचू दे.

आधी तो 'तू'चा घोळ मिटवते. सांगलीत वाढलेल्या मुलीच्या तोंडून ७७ वर्षांच्या बाईला पहिल्याच दिवशी 'तू' निघत नाही. मी आपली 'उस्तेद, उस्तेद' (म्हणजे 'तुम्ही') करत राहिले आणि तू प्रत्येक वेळी मागे वळून बघायचीस, जणू दारात कोणी तिसरं माणूस उभं आहे. चौथ्या दिवशी मला म्हणालीस, मी नोटरी आहे का? तेव्हापासून स्पॅनिशमध्ये 'तू' सुरू झालं. मराठीत लिहिताना पुन्हा अडखळले, पण मग आठवलं की आपल्याकडे परक्या बाईंना अहोजाहो असतं, आजीला नाही. आजीला 'अगं'च. आजी म्हटलेलं तुला खपलं नसतं हे ठाऊक आहे, म्हणून वर नुसतं सेन्योरा, म्हणजे बाई, लिहिलंय. पण क्रियापदं आजीचीच आहेत.

तुमच्या सालामांका शहरात आले तेव्हा माझ्या बॅगेत स्पॅनिशचं बी-वन, म्हणजे मधल्या पातळीचं, प्रमाणपत्र होतं आणि डोक्यात क्रियापदांचे तक्ते. काही गोष्टी तर फुकटात जमून गेल्या होत्या. वर्गातली इंग्रजी बोलणारी मुलं 'मे गुस्ता'पाशी रडकुंडीला यायची. कॉफी मला आवडते, म्हणजे आवडण्याचं काम कॉफी करते, हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं. आपलं 'मला कॉफी आवडते' नेमकं तसंच चालतं. त, द, र यांनीही त्रास दिला नाही. त्यामुळे जरा चढूनच गेले होते.

मग तुझ्या स्वयंपाकघरात पहिलं जेवण झालं. मसूर अळणी होता. मीठदाणी तुझ्या कोपरापाशी. 'साल' म्हणजे मीठ हे पाठ होतं, पण मीठदाणीला काय म्हणतात, आणि ती 'इकडे सरकव' कसं म्हणायचं, काही सुचेना. मी बोट दाखवलं. तू मीठदाणी उचललीस, आपल्या पाठीमागे ठेवलीस आणि म्हणालीस, "बाखा एल देदो." बोट खाली कर.

खरं सांगते, त्या क्षणी तुझा राग आला. प्रवासाने अंग आंबलेलं, ताटात अळणी मसूर आणि समोर ही बाई शाळा घेतेय! पण तू शांतपणे ब्रेड खात बसलीस. मी 'ते... मिठाचं भांडं... माझ्याकडे... यायला पाहिजे' असं काहीतरी जुळवलं, तेव्हा मीठदाणी आली आणि सोबत शब्दही आला. सालेरो. मसूर थंड झाला होता. हा शब्द मी मरेपर्यंत विसरणार नाही.

पुढचे नऊ महिने तुझ्या घरात बोट दाखवायला बंदी होती. झारा, फडकं, गाळणी, बुटांची नाडी, नळाचा वायसर, यांतलं काही कुठल्या तक्त्यात नव्हतं. दुकानातही तू मागे उभी राहायचीस. दुकानदार चांगला माणूस होता, माझी नजर बघून तो चीज उचलायला जायचा, तेव्हा तू त्यालाच दटावायचीस, की थांब, तिला सांगू दे. रांगेतल्या बायका चुळबुळत. मला धरणी दुभंगावी असं वाटे. आपल्याकडे म्हणतात, अमक्याने मला बोट धरून शिकवलं. तू मला बोट खाली करायला लावून शिकवलंस.

हे असं का, ते डिसेंबरात कळलं. बाहेर धुकं गोठून झाडांवर पांढरं झालेलं. तुमच्या कास्तिया प्रांतात म्हणच आहे, नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. आपण त्या गोल टेबलाशी बसलो होतो, ज्याला तू मेसा कामिया म्हणतेस. जमिनीपर्यंत जाड कापड, खाली ब्रासेरो नावाची शेगडी, आता विजेवर चालणारी. पाय आत घालून कापड मांडीवर ओढून घ्यायचं, की कमरेखाली उन्हाळा आणि कमरेवर हिवाळा. जेवण होऊन तास उलटला तरी कुणी उठत नाही. त्या बसण्याला तुमच्याकडे सोब्रेमेसा असा स्वतंत्र शब्द आहे. आपल्याकडे ताटावर हात वाळवत गप्पा होतात, पण शब्द नाही. वामकुक्षीला मात्र आहे, हे मी तुला सांगितलं तेव्हा तू दोनदा म्हणून बघितलास आणि 'क्षी'वर हार मानलीस.

त्या दुपारी तू जर्मनीबद्दल बोललीस. १९६० मध्ये स्पेन आणि पश्चिम जर्मनी यांच्यात कामगार पाठवण्याचा करार झाला आणि गावंच्या गावं आगगाडीत बसून उत्तरेला गेली. तू १९६४ मध्ये गेलीस, १९ वर्षांची, एका कारखान्यात. बायकांच्या वसतिगृहात एका खोलीत चौघी, चौघीही स्पॅनिश. "पहिले कितीतरी आठवडे जे काचेत दिसायचं तेच खाल्लं," तू म्हणालीस. "बोट दाखवून मिळायचं तेवढंच. मीठ पाकिटात असतं, ते दिसत नाही. मग मीठ नाही." कारखान्यातला मुकादमही बोटानेच बोलायचा. इकडे, तिकडे, हे उचल, ते ठेव. तीन वर्षांत त्याने तुला एक पूर्ण वाक्य म्हटलं नाही. हे सांगताना तू आवाज चढवला नाहीस, फक्त संत्र्याची साल उगाच बारीक बारीक तोडत होतीस. मी तुझ्यावर पहिल्या दिवशी रागावले होते हे मी तुला अजून सांगितलेलं नव्हतं. आता सांगितलं.

जानेवारीत मी तापाने फणफणले. सकाळी तू दार वाजवलंस आणि मी पांघरुणातून पुटपुटले, "सोय माला." तुमच्या भाषेत 'आहे'साठी दोन क्रियापदं, एक मूळ स्वभावाला, एक तात्पुरत्या अवस्थेला, आणि तापात मी नेमकं चुकीचं उचललं. मी आजारी आहे म्हणायच्या जागी मी दुष्ट आहे असं म्हणून गेले. तू कपाळावर हात ठेवलास. "नाही ग पोरी. एस्तास माला. माला नो एरेस." आजारी आहेस. दुष्ट नाहीस. मग लसणाचं सूप आणलंस, त्यात शिळा ब्रेड आणि पिमेन्तोन, म्हणजे लाल मिरचीची पूड. व्याकरणाच्या पुस्तकात या दोन क्रियापदांवर अख्खं प्रकरण आहे. माझं ते त्या दिवशी संपलं.

जेवणाबद्दल लिहायला हवं, कारण इकडची मुलं पहिला प्रश्न तोच विचारतात. मांस नको म्हटलं की तुमच्याकडे ट्यूना मासा मिळतो. ट्यूनाही नको म्हटलं की भाजीवर हॅमचे तुकडे येतात, कारण ते मांस नव्हे, ते खामोन, म्हणजे तुमचं हॅम! गिखुएलोचं खामोन ज्या जिल्ह्यात होतं तिथे शाकाहारी मुलीला घरात घेणं म्हणजे कोल्हापुरात तांबड्या-पांढऱ्याला नाही म्हणणाऱ्या जावयाला पाट मांडणं. तू पहिले दोन आठवडे मला अशक्तपणा येईल म्हणून धास्तावलेली होतीस. मग जवळच्या ला आर्मुन्या भागातल्या मसुराची दोन पातेली चढू लागली, एक चोरिथो (डुकराच्या मांसाचं सॉसेज) घातलेलं तुझं, एक माझं. आणि ईस्टरनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, जेव्हा सगळं गाव तोर्मेस नदीच्या काठी ओर्नाथो खायला जातं, तेव्हा तर तू हद्द केलीस. ओर्नाथो म्हणजे डुकराचं मांस आणि चोरिथो ठासून भरलेला, सगळीकडून बंद, भाकरीएवढा भाजलेला पाव. तू माझ्यासाठी अंडी आणि भाजलेल्या मिरच्या भरून वेगळा केलास. शेजारणी म्हणाल्या, हा ओर्नाथोच नव्हे. तू म्हणालीस, "नसेल. पोरगी खातेय ना?" त्या सणाची गोष्ट, उपवासाच्या दिवसांत नदीपार धाडलेल्या वेश्या त्या सोमवारी होडीतून परत यायच्या अशी सांगतात ती, तू आवाज एकदम खाली आणून सांगितलीस, जणू नदीकाठी सगळ्यांना ठाऊक नसल्यासारखी.

आता आडनावाचा किस्सा. परदेशी विद्यार्थ्याच्या ओळखपत्रासाठी बोटांचे ठसे द्यायला गेले. (बोटाचं असं एक कामही होतं.) अर्जावर दोन आडनावांचे रकाने. तुमच्याकडे प्रत्येकाला दोन असतात, एक बापाकडून, एक आईकडून, आणि बाई लग्न झालं तरी आपली दोन्ही ठेवते. माझ्या पासपोर्टावर माझं नाव, वडिलांचं नाव, मग एकच आडनाव. खिडकीतल्या माणसाला वाटलं, या मुलीच्या नावात एका पुरुषाचं नाव घुसलंय, म्हणजे कागदात घोटाळा आहे. मला परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला तू आलीस, पर्स काखेत दाबून, ओठांना रंग लावून. ते वडिलांचं नाव आहे, तिकडे असंच लिहितात, आणि दुसरं आडनाव नसेल तर रकाना रिकामा राहू शकतो, हे त्याला तू अशा सुरात समजावलंस की त्याने रकाना रिकामा सोडला आणि माफीही मागितली.

घरी येताना तू विचारलंस, "पण तुझ्या आईचं आडनाव काय होतं?" मी सांगितलं. आणि चालता चालता लक्षात आलं, की आईचं माहेरचं आडनाव माझ्या एकाही कागदावर नाही. दाखल्यावर नाही, गुणपत्रिकेवर नाही, कुठेच नाही. दुसऱ्या दिवशी जिन्याखाली पत्रपेट्यांपाशी तुझ्या पेटीवर तुझ्या नावाखाली नवी चिठ्ठी होती. माझं नाव, वडिलांचं आडनाव, आईचं आडनाव. निळ्या शाईत, तुझ्या तिरक्या अक्षरात, एका ठिकाणी स्पेलिंग चुकलेलं. मी फोटो काढून आईला पाठवला. तिचं उत्तर दोन तासांनी आलं: "हे कोणी लिहिलं?" मग फोन आला, आणि ती माझ्याशी नाही, तुझ्याशी बोलायला मागत होती. तुम्ही दोघी मराठीत आणि स्पॅनिशमध्ये दहा मिनिटं काय बोललात ते मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

विद्यापीठाबद्दल लिहीत नाही. १२१८ सालचं आहे, दगडी दर्शनी भिंतीवर कवटीवर बसलेला बेडूक आहे, तो कुणाच्या मदतीशिवाय सापडला तर परीक्षेत पास होता म्हणे. मला सापडला नाही, पास झाले. तेवढं पुरे.

तुलाही मी एक गोष्ट शिकवली, ती विसरू नकोस. तू सगळ्यांना माझी ओळख 'इन्दू' म्हणून करून द्यायचीस. तुमच्याकडच्या जुन्या माणसांच्या लेखी भारतीय म्हणजे इन्दू, हिंदू, कारण 'इन्दियो' हा शब्द कोलंबसाने अमेरिकेतल्या लोकांवर खर्च करून टाकला. मी सांगितलं की मिरजेची माझी मैत्रीण मुसलमान आहे, ती इन्दू कशी? महिनाभर वाद चालला. शेवटी तूच मासेवाल्याला 'नाही, नाही, इन्दिया' असं दुरुस्त केलंस, आणि बोटसुद्धा उगारलंस. मी बघितलं होतं.

एप्रिलअखेर एकटी दक्षिणेला आंदालुसियाला गेले. तू पिशवीत तोर्तियाचं, म्हणजे बटाट्याच्या आम्लेटचं, सँडविच दिलंस, चांदीच्या कागदात गुंडाळून, तिघांना पुरेल असं. ग्रानादात पेयासोबत फुकट खायला मिळतं हे छान होतं, पण कादिसला मासळीबाजारात एका बाईचं एक अक्षर कळेना. शब्दांच्या शेवटचा स गिळून टाकतात तिथे, 'मास ओ मेनोस'चं 'मा ओ मेनो'. रात्री तुला फोन करून रडले, की मी चुकीची भाषा शिकले. तू इतकी हसलीस की खोकला लागला. म्हणालीस, मलाही तिथे अर्धंच कळतं. पुण्याची मुलगी मालवणात गेल्यासारखं ते होतं, पण त्या रात्री सुचलं नाही. सकाळी परत त्याच बाईकडे गेले, हात खिशात घालून, आणि तिच्याकडून सहा माशांची नावं काढून घेतली. खाल्ला एकही नाही.

आणि हो, 'ग्राथियास'. मी इंग्रजी शाळेच्या सवयीने पाणी दिलं तरी, दार धरलं तरी, दर वेळी आभार मानायचे. तू वैतागून विचारलंस, हे हॉटेल आहे का? घरी आईला म्हणतेस का? नाही म्हणत. आपल्याकडे घरच्या माणसाचे आभार मानले तर त्याला लागतं. म्हणून नऊ महिन्यांनी मी बस स्टँडवर एकदाही ग्राथियास म्हटलं नाही, दोन्ही गालांना गाल लावले (तोवर नाकावर नाक न आपटता जमू लागलं होतं) आणि चढले. काचेतून तू काहीतरी दाखवत होतीस, चक्क बोटाने, माझ्या पाठपिशवीकडे. मी आतून ओरडले, बोट खाली कर! आजूबाजूची माणसं बघत राहिली. पिशवीत ला आर्मुन्याचा एक किलो मसूर होता, हे माद्रिदला कळलं.

आभार मी इथे मानते, तुला न कळणाऱ्या भाषेत, म्हणजे तुला लागणार नाही.

तो मसूर गेल्या रविवारी केला. आईने ऐकलं नाही, कुकर लावला आणि तीन शिट्ट्यांत पिठलं झालं. पुढच्या वेळी पातेल्यात करणार आहे. पाणी किती, ते नीट सांग. 'लो के पीदा' म्हणू नकोस, मागेल तेवढं म्हणजे किती ते मला कळत नाही. माझी आईपण विचारलं की 'मावेल तेवढं' म्हणते. पेल्यांत सांग.

तुझी,
पत्रपेटीवरची दुसरी