ढग नसलेल्या गावाहून

फीनिक्स,
8 मार्च

ती. बाबा आणि आई,
सा. न.

पत्र बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. फोनवर बाबा दोनदा 'बरं, बरं' म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात, म्हणून लिहायला बसले. निखिल मजेत आहे. घरचं, जेवणाखाण्याचं तुम्हाला सगळं माहीत आहे, ते परत लिहीत नाही.

आधी त्या फोटोचं. आई, मी कुणाचा शर्ट फाडलेला नाही. कापलाय, आणि तोही त्यानं स्वतः पाठ करून उभं राहिल्यावर. इथं अशी रीतच आहे. शिकणारा पहिल्यांदा एकटा विमान घेऊन गेला आणि धड खाली आला, की शिकवणाऱ्यानं त्याच्या शर्टाची पाठ कात्रीनं कापायची, तिच्यावर नाव, तारीख आणि विमानाचा नंबर लिहायचा आणि भिंतीवर टांगायचं. जुन्या विमानांत म्हणे शिकणारा पुढं आणि मास्तर मागं बसायचा. इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू जायचं नाही, म्हणून मास्तर मागून शर्ट ओढायचा. एकट्याला उडवता आलं म्हणजे आता ओढायचं कारण उरलं नाही, म्हणून कापायचा. आमच्या सेसना 172 मध्ये दोघं शेजारी शेजारी बसतो, कानावर हेडफोन असतात, शर्ट कुणी कुणाचा ओढत नाही. तरी कापतात. फोटोतला माणूस बावन्न वर्षांचा आहे, दाताचा डॉक्टर. शर्ट कडक इस्त्रीचा. म्हटलं, जुना घालून यायचा की! तर म्हणाला, मुद्दाम चांगला घातलाय. माझा हातच होईना. आई, तू उसवलेला परकरसुद्धा टाकू देत नाहीस, मी तुझीच मुलगी. शेवटी दुसऱ्या एकीनं कापड ताणून धरलं तेव्हा कात्री चालली. आणि तो बाप्या रडायला लागला. यात रडण्यासारखं काय होतं ते विचारू नकोस, मलाही थोडं भरून आलं होतं.

आता बाबांचं. शिंदेकाकांच्या मुलाला विमान उडवण्याच्या 200 तासांवर तिकडं नोकरी लागली, तो एअरबसवर बसतो, आणि आमची मुलगी 1,231 तास होऊनही अजून पोरांना शिकवतेय. बाबा, तुम्ही असं बोलला नाहीत, पण तीनदा विचारलंत. त्यात माझं काही अडलेलं नाही. आपल्याकडं कमर्शियल लायसन्सला 200 तास लागतात, ते झाले आणि एअरलाइननं घेतलं की झालं. इथंही पूर्वी 250 तासांवर माणूस को-पायलट म्हणून बसायचा. 12 फेब्रुवारी 2009 च्या रात्री न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोजवळ एक विमान घरांवर पडलं. विमानातले 49 आणि खाली घरातला एक, अशी 50 माणसं गेली. विमानाचा वेग फार कमी झाला होता, अशा वेळी नाक खाली करायचं असतं, कॅप्टननं दांडा मागं ओढला, म्हणजे नाक आणखी वर केलं. गेलेल्यांची घरची माणसं राजधानीत खेटे घालत राहिली, 2010 मध्ये कायदा झाला, आणि 2013 पासून को-पायलटलाही 1,500 तास लागायला लागले. लष्करातून आलेल्याला 750, विमानविद्येची पदवी असेल तर 1,000. माझं बी.कॉम. त्यात धरत नाहीत, विचारून झालं.

गंमत म्हणजे त्या विमानातल्या दोघा पायलटांचेही 1,500 पेक्षा जास्तच तास झालेले होते. इथं यावरून अजून भांडणं चालतात. माझं मत विचाराल तर तुम्ही डेपोत नवीन पोरांना सांगायचात तेच, किती किलोमीटर झाले ते सांगू नको, कुंभार्ली घाटातनं पावसाळ्यात किती वेळा आणलीस ते सांग. कारण माझे बरेचसे तास त्याच धावपट्टीभोवती गोल फिरण्यात गेलेत. उजव्या सीटवर बसायचं, हात मांडीवर ठेवायचे आणि ते शिवशिवू द्यायचे नाहीत. पॅनेलवर रिक्षासारखा एक छोटा मीटर असतो, तो सहा मिनिटांनी एक घर पुढं सरकतो. त्यावर माझे तास आणि त्यावरच माझा पगार. विद्यार्थी आला नाही किंवा वारा सुटला, तर दोन्ही शून्य.

तास नुसते मोजूनही चालत नाहीत. त्यात 100 रात्रीचे, काही लांब पल्ल्याचे आणि 75 नुसत्या काट्यांवर बघून, म्हणजे बाहेर काही दिसत नसताना उडवलेले हवेत. आणि फीनिक्सला ढगच नाहीत! कराड-चिपळूण गाडीला तुम्हाला पुढचा दगड दिसायचा नाही, आणि तुमची मुलगी वाळवंटात ढग शोधत फिरते. मग आम्ही दोघी इन्स्ट्रक्टर रात्री विमान भाड्यानं घेतो, निम्मे निम्मे पैसे काढतो. एकीनं डोळ्यांवर झापड लावून फक्त काटे बघायचे, दुसरीनं बाहेर लक्ष ठेवायचं. टांग्याच्या घोड्यासारखं दिसतं. माझे 58 झालेत.

इंजिन बंद पडलं तर काय, हे आई दर वेळी विचारते. आई, विमान दगडासारखं पडत नाही. एक किलोमीटर उंचीवरून ते साधारण नऊ किलोमीटर तरंगत जातं, आणि पोरांना ते शिकवण्यासाठी मी स्वतःच इंजिनाचा जोर काढून घेते. हे वाचून तुला बरं वाटेल असं नाही, पण आहे ते सांगितलं.

मनूच्या लग्नाचं आता लिहिते. टाळत नव्हते. एका छोट्या एअरलाइननं मुलाखत घेऊन ठेवलीय, 1,500 झाले की नव्या पायलटांच्या जुलैच्या वर्गाला बसवतील. तिथं रुजू झाल्याच्या तारखेवर सगळं ठरतं, कुठलं विमान, कुठलं गाव, दिवाळीला सुट्टी मिळणार की नाही, आणि कॅप्टन कधी. मे महिन्यात दहा दिवस आले तर तीस तास बुडतात आणि तो वर्ग हुकतो. मनूला मी फोनवर सांगितलं, ती 'काही हरकत नाही ताई' म्हणाली, ते मला आवडलं नाही. निखिल येतोय. जावई आला की लोक मुलीचं विचारतात, तेव्हा कामात आहे म्हणा. आणि आई, बाळाचं त्याच्याकडं काढू नकोस, तो बिचारा सगळं मला येऊन सांगतो.

मुहूर्त 12.36 चा ना? तेव्हा इथं रात्रीचे 12 वाजून 6 मिनिटं झालेली असतील. मी जागी आहे. आत्याच्या हातात फोन देऊ नका, ती अंगठा कॅमेऱ्यावर ठेवते. माझ्या वाटच्या अक्षता बाबांनी टाकाव्यात.

बाबा, तुमच्या ग्रॅच्युइटीतले 6 लाख लग्नाआधी परत देणार असं मी म्हटलं होतं. सध्या दीड पाठवतेय. दोन इंजिनांच्या विमानाचे तास अजून राहिलेत आणि ते फार महाग पडतात. बाकीचे पहिल्या पगारापासून, दर महिन्याला. निखिल म्हणत होता मी भरतो, मीच नको म्हटलं. ते तुमच्यात आणि माझ्यात आहे.

मनूला सांभाळा. हॉलवाल्याला सगळे पैसे आधी देऊ नका.

तुमची,
सुमी

ता. क. पैसे गुरुवारपर्यंत खात्यात दिसतील. रक्कम बघून लगेच फोन करू नका.