समोरच्या इमारतीतल्या काकांना

प्रिय काका,
सादर नमस्कार.

काल मार्गशीर्षातला पहिला गुरुवार झाला. दरवर्षी घटासाठी नेरूळ स्टेशनबाहेरून गुलाब आणते. या वर्षी बाल्कनीतला वाहिला. तुम्ही पनवेलला लेकीकडे राहायला गेल्यामुळे समोर बघून हाक मारता आली नाही, म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण आपल्या दोन्ही इमारतींत अशी बरीच घरं आहेत जिथे थंडीत गुलाब येतो आणि जुलैत रिकामी कुंडी उरते.

माझंही तीन वर्षं तेच चाललं होतं. डिसेंबरात गाडीवरून फुललेलं रोप घ्यायचं आणि पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडून ते उघडंबोडकं झालेलं बघायचं. खाडीकाठच्या हवेत गुलाब होत नाही, असं मी ठरवूनच टाकलं होतं. तुम्ही ते सगळं तुमच्या खिडकीतून पाहत होतात. गेल्या वर्षीच्या दसऱ्याला सोनं द्यायला आलात, तेव्हा आपट्याच्या पानांबरोबर पिशवीत सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्रीही होती.

त्या पावसाळ्यातून माझी एकच कुंडी वाचली होती. तिच्यात एक फांदी हातभर वाढलेली, हिरवीगार. मला तिचं फार कौतुक. तुम्ही बोटांनी माती बाजूला केलीत आणि ती कुठून निघालीय ते दाखवलंत, डोळा भरलेल्या, म्हणजे कलमाच्या गाठीच्या खालून. "ही तुझ्या गुलाबाची नाही, ज्याच्यावर त्याचं कलम केलंय त्या खुंटाची आहे. खुंट माजला की वरचा गुलाब उपाशी राहतो." सिकेटर न लावता तुम्ही ती खाली ओढून बुडातून उपटलीत, नुसती कापली तर तिथूनच पुन्हा फुटते. खुंटाच्या पानाला सात दलं, म्हणजे एका देठावर सात छोटी पानं असतात असं मी ऐकलं होतं. तुम्ही म्हणालात, दलं मोजत बसू नकोस, फांदी कुठून निघालीय ते बघ.

मग छाटणी. वाळलेल्या फांद्या तुम्ही गाभा पांढरा दिसेपर्यंत खाली खाली कापत आलात, शेवटचा काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर, तिरका. कापावर बोर्डो पेस्ट, बुरशी धरू नये म्हणून मोरचूद-चुन्याचा लेप. वीतभर तीन काड्या उरल्या आणि माझं तोंड उतरलं. मुंबईतून पाऊस साधारण ८ ऑक्टोबरला परततो, त्यानंतरची छाटणी आपल्याकडे मानवते, असं म्हणून तुम्ही बोटांवर दिवस मोजलेत: "आज छाटलंस, मार्गशीर्षाच्या गुरुवारांना फूल येईल." आलं!

नवीन रोप घ्यायला दिवाळीनंतर तुम्ही स्वतः बरोबर आलात. डबल डिलाइट जातीचा गुलाब घेतला. घरी आल्यावर पिशवी फाडून रोप बादलीत बुडवून ठेवलंत. अर्ध्या तासाने पाणी चहासारखं झालं आणि आतून चिकणमातीचा घट्ट गोळा दिसला. माझी आधीची रोपं का गेली ते मला त्या बादलीत कळलं. तो गोळा तसाच कुंडीत गेला की उन्हाळ्यात पाणी कडेने वाहून जातं आणि मुळं कोरडी राहतात. पावसात तोच गोळा दिवसेंदिवस ओला राहतो, मुळं कुजतात. तुम्ही निम्मी माती हलक्या हाताने सोडवलीत. बारा इंची कुंडीत लाल माती, जुनं शेणखत, कोकोपीट, मूठभर निंबोळी पेंड, आणि डोळ्याची गाठ मातीच्या दोन बोटं वर. आठवडाभर सावलीत ठेवायचं, मगच उन्हात.

उन्हाचा हिशोबही तुमचाच. माझी बाल्कनी दक्षिणेची. थंडीत सूर्य दक्षिणेला कलतो तेव्हा ऊन आतल्या भिंतीपर्यंत येतं, पण जूनच्या सुमाराला तो दुपारी आपल्या डोक्यावरून उत्तरेला सरकलेला असतो, त्यात ढग. म्हणून मेअखेरीस दोन्ही कुंड्या तुम्ही तुमच्या गच्चीवर, पारदर्शक पत्र्याखाली नेल्यात. चार महिने सांभाळल्यात, ठिपक्यांची पानं रोज वेचून टाकलीत आणि गणपतीनंतर जिवंत परत दिल्यात. याचे आभार कसे मानायचे, मला खरंच सुचत नाही.

या दसऱ्याला मी एकटीने छाटलं. हात थरथरत होता, पण गाभा पांढरा दिसेपर्यंत खाली आले. आता हवा कोरडी झालीय, लाल कोळी ही बारीक कीड धरू नये म्हणून सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाणी मारते. डबल डिलाइटला चार फुलं आहेत. कठड्याकडच्या दोघांच्या पाकळ्या कडेपासून आतपर्यंत लाल झाल्यात. भिंतीकडची दोन अजून सायीच्या रंगाची आहेत, नुसती काठाला लाली.

तुमचं सिकेटर माझ्याकडेच राहिलंय. रविवारी घेऊन येते, बरोबर एक रोपही. तेवढं कळवा, लेकीच्या बाल्कनीत ऊन किती वाजता येतं आणि किती वेळ थांबतं?

तुमची,
समोरच्या बाल्कनीतली