वेळापत्रकात झोप का नाही?

संपादक महोदय,

माझा नातू साडेचार वर्षांचा. आईवडील दोघेही नोकरीला, म्हणून सुट्टीत त्याला सकाळी नऊ ते दुपारी साडेतीन अशा उन्हाळी शिबिरात घातलं. ने-आण माझ्याकडे. बालवाडीत एकतीस वर्षं काढलेली असल्यामुळे पहिल्याच दिवशी मी भिंतीवरचं वेळापत्रक वाचत उभी राहिले. जुनी खोड. चाळीस-चाळीस मिनिटांचे आठ तास: नृत्य, बुद्धिबळ, मातीकाम, सुलेखन... शेवटी 'व्यक्तिमत्त्व विकास'. सुलेखन! आमचा गडी अजून खडू मुठीत धरतो.

एकदा लवकर न्यायला गेले, तर स्वारी मातीकामाच्या टेबलावर गाल टेकून गाढ झोपलेली. ताई ओशाळल्या. म्हणाल्या, "दीड वाजला की रोजच पेंगतो." पेंगणारच! तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून १० ते १३ तास झोप हवी, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं आहे आणि दुपारची झोप त्यातच धरली आहे. साडेसहा तासांच्या शिबिरात सतरंजी पसरायला अर्धा तास सापडू नये?

दुसरी गोष्ट पाण्याची. बाटली रोज भरलेलीच परत यायची. खोदून विचारलं तेव्हा कळलं, "तिथलं संडास मोठ्ठं आहे, मी आत पडेन." म्हणजे शू नको म्हणून पाणी नको. मोठ्यांना हसू येईल, पण उन्हाळ्यात हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. वजनाच्या मानाने लहान मुलाच्या त्वचेचं क्षेत्रफळ जास्त, त्यामुळे बाहेर खूप गरम असलं की ते मोठ्यांपेक्षा लवकर तापतं. शिवाय खेळाच्या नादात तहान लागल्याचं त्याच्या ध्यानातही येत नाही. 'पाणी हवं का' असं विचारून भागत नाही, ठरल्या वेळी सगळ्यांना बसवून पाजावं लागतं. आणि पहिल्या दिवशी प्रत्येकाला हात धरून संडास दाखवून आणावं लागतं.

ताई प्रेमळ आहेत, हे सांगायलाच हवं. पण बावीस मुलांमागे दोघीच. एक पाणी पाजायला गेली की दुसरीने एकवीस जण कसे आवरायचे?

त्या आवारात मागच्या बाजूला बांधकामाची उरलेली वाळू पडली आहे. एके दिवशी नृत्याच्या बाई आल्या नाहीत, म्हणून मुलांना तिथे सोडलं होतं. बोगदे झाले, भांडणं झाली, समेट झाला. कोणी रडलं नाही, कोणी पेंगलं नाही. मग घंटा झाली आणि सगळ्यांचे हात धुऊन त्यांना व्यक्तिमत्त्व विकासाला आत नेलं.

संचालकांशी बोलले. ते म्हणाले, "आजी, पालक विचारतात काय काय शिकवणार. पत्रकात 'वाळूत खेळवतो, झोपवतो' असं छापलं तर कोण प्रवेश घेईल?" यावर मला बोलता येईना, कारण पत्रकावरचे विषय मोजून हे शिबिर निवडणारा माझाच मुलगा होता. दुपारी किती वेळ झोपवता, किती मुलांमागे किती ताई, हे त्याने विचारलं नाही. मीही नाही.

शिबिराचे अजून नऊ दिवस आहेत. घरातली जुनी चाळण आणि चार वाट्या मी वाळूसाठी नेऊन दिल्या. त्या ऑफिसातल्या कपाटावर ठेवलेल्या आहेत, रोज दिसतात.

— एक निवृत्त बालवाडी शिक्षिका