सतराच्या सतरा, त्याच क्रमाने

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत क्वीन या ब्रिटिश बँडच्या 'ग्रेटेस्ट हिट्स' या गाजलेल्या गाण्यांच्या संकलनावरचा लेख वाचला. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं, की असली संकलनं म्हणजे आळशी कानांची सोय. खरा चाहता मूळ अल्बम ऐकतो आणि हिट्स घेणारा नुसता तोंडओळखीवर भागवतो. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत होता, हेही लेखात होतंच. (हे वाक्य नसलेला क्वीनवरचा मराठी लेख माझ्या पाहण्यात अजून यायचाय.)

मी त्या आळशी कानवाल्यांतलीच. क्वीनच्या मूळ अल्बमांची नावंही माहीत नव्हती तेव्हा घरात १९८१च्या त्या संकलनाची कॅसेट होती. कित्येक वर्षं क्वीन म्हणजे माझ्या लेखी तेवढंच: सतरा गाणी, ठरलेल्या क्रमाने. सगळ्यात आधी 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. तिचा सगळा गदारोळ शेवटी शमत जातो, पियानो हळू होतो, ड्रमवाला रॉजर टेलर गाँगवर, म्हणजे टांगलेल्या मोठ्या थाळीवर, एकच हलका टोला देतो. तो विरतो न विरतो तोच जॉन डीकनच्या बेस गिटारचा ठेका चालू लागतो, 'अनदर वन बाइट्स द डस्ट'चा. एक गाणं १९७५चं, दुसरं १९८०चं. एकात आवाजावर आवाज चढवून उभारलेला डोलारा, तर दुसऱ्यात मोजके सूर आणि मधे भरपूर मोकळी जागा. माझ्या कानांना मात्र ती एकाच गाण्याची दोन कडवी वाटतात. आजही कुठे 'ऱ्हॅप्सडी' लागली आणि गाँगनंतर तो बेस आला नाही, तर अंधारात जिन्याची एक पायरी कमी निघावी तसं होतं.

'अ नाइट ॲट द ऑपेरा' हा मूळ अल्बम मी फार उशिरा ऐकला, तोही दादाने बळंच बसवून ऐकवला म्हणून. त्यात 'ऱ्हॅप्सडी' शेवटून दुसरी आहे. तिच्यानंतर ब्रायन मे गिटारवर ब्रिटनचं राष्ट्रगीत वाजवतो आणि पडदा पडतो. उलट 'वी विल रॉक यू' आणि 'वी आर द चॅम्पियन्स' ही जोडी १९७७च्या 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'ची सुरुवात करते आणि संकलनात शेवटी येते. म्हणजे तिथल्या भैरवीची इथे नांदी झाली आणि तिथली नांदी इथे भैरवीला गेली. हे आपोआप झालेलं नाही. तारखांप्रमाणे ओळीत लावायची असती तर १९७४चं 'सेव्हन सीज ऑफ राय' सगळ्यात आधी आलं असतं. ते आहे पंधरावं.

आणखी एक जागा बघा. 'फॅट बॉटम्ड गर्ल्स' आणि 'बायसिकल रेस' ही एकमेकांना हाका मारणारी गाणी आहेत, दोन्हींच्या शब्दांत एकमेकींचा उल्लेख आहे. १९७८ साली सिंगल, म्हणजे अल्बमाबाहेरची सुटी तबकडी, म्हणून ती एकाच तबकडीच्या दोन बाजूंना निघाली. पण 'जॅझ' या मूळ अल्बमात दोघांच्या मधे 'जेलसी' येऊन बसलंय. संकलनात ती एकापाठोपाठ आहेत. हाक मारली की लगेच ओ मिळते. इथे मूळ अल्बमापेक्षा संकलनाने जास्त कान दाखवला, असं मी म्हणते तेव्हा दादा खोली सोडून जातो.

दादाचीही बाजू आहे, आणि ती तुमच्या लेखकापेक्षा त्याने चांगली मांडली. 'सेव्हन सीज ऑफ राय' हे 'क्वीन टू'चं शेवटचं गाणं. त्या तबकडीच्या दोन बाजूंना साइड व्हाइट आणि साइड ब्लॅक अशी नावं आहेत. ब्लॅकची सगळी गाणी मर्क्युरीची, एकात एक गुंतत वीसेक मिनिटं चाललेली, आणि 'राय' त्यांचा कळस. त्याच्या शेवटी मंडळी समुद्रकिनाऱ्याचं एक जुनं इंग्रजी गाणं गुणगुणत दूर जातात, आणि पुढचा अल्बम 'शीअर हार्ट अटॅक' उघडतो तो जत्रेच्या गलबल्यात कुणीतरी त्याच गाण्याची शीळ घालतंय इथपासून. एका तबकडीतून निघालेला माणूस शीळ घालत दुसरीत शिरतो. दादा म्हणतो, संकलनात तो वाटेतच हरवला. खरंय. मला तर तो गुणगुणाट म्हणजे नुसता दंगा वाटायचा, आणि त्याच्यावर 'वी विल रॉक यू'चे पाय आपटायला लागले की बरं वाटायचं.

शिवाय कापाकापी आहे. 'फॅट बॉटम्ड गर्ल्स' संकलनात सिंगलच्या रूपात आहे, अल्बमातल्यापेक्षा जवळजवळ मिनिटभर छोटं. 'लव्ह ऑफ माय लाइफ' नाहीच, जे मैफलीत फ्रेडी स्वतः थांबून लोकांना गायला लावायचा. आणि सगळ्यात चमत्कारिक हिशेब असा: सतरांपैकी दहा गाणी मर्क्युरीची, पाच मेची, दोन डीकनची आणि रॉजर टेलरचं शून्य. त्याची भरपाई १९९१च्या दुसऱ्या भागात झाली. तो उघडतोच रॉजरच्या 'अ काइंड ऑफ मॅजिक'ने.

पण हे पत्र लिहायचं खरं कारण वेगळं आहे. लेखात म्हटलंय की गायक डेव्हिड बोवीबरोबरचं 'अंडर प्रेशर' हे या अल्बमचं आकर्षण. ब्रिटनमध्ये निघालेल्या अल्बमात ते गाणं नाही. ते त्याच सुमाराला स्वतंत्र सिंगल म्हणून आलं आणि तिथल्या संकलनात थेट दुसऱ्या भागात शिरलं. 'अंडर प्रेशर' आहे ती अमेरिकेतली आवृत्ती: चौदा गाण्यांची, दुसऱ्या कंपनीची, वेगळ्या क्रमाची. ती सुरू होते 'अनदर वन बाइट्स द डस्ट'ने आणि 'ऱ्हॅप्सडी' त्याच्यानंतर. म्हणजे तो गाँग आणि तो बेस यांची गाठच पडत नाही. 'रॉक यू' आणि 'चॅम्पियन्स' मधेच कुठेतरी येऊन जातात. 'डोन्ट स्टॉप मी नाउ' गायब, कारण अमेरिकेत तेव्हा ते ८६व्या क्रमांकापलीकडे गेलंच नव्हतं. आज क्वीनचं म्हणून कुठल्याही समारंभात जे वाजतं ते हे गाणं! तुमच्या लेखकाने हीच आवृत्ती ऐकून 'गाण्यांचं गाठोडं' असा शेरा मारला असेल, तर त्यांच्या मताशी माझं भांडण नाही. ते गाठोडंच आहे. माझं म्हणणं एवढंच की दोन्हींवर नाव एक आहे म्हणून अल्बम एक होत नाही.

सगळीच संकलनं चांगली असतात असं मला म्हणायचं नाही. बीटल्सचं २०००चं 'वन' घ्या. ब्रिटन किंवा अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलेलीच गाणी घ्यायची, असा नियम. त्यामुळे १९६७च्या एकाच सिंगलची एक बाजू, 'पेनी लेन', आत आली आणि दुसरी, 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर', बाहेर राहिली. ही निवड कुणी कानाने केलेली नाही, ती तक्त्याने केली. पिंक फ्लॉइड या बँडची कथा आणखी वेगळी: १९८१च्या संकलनासाठी 'मनी' वापरू द्यायला अमेरिकेतल्या जुन्या कंपनीने नकार दिला, तेव्हा त्यांच्यातल्या गिलमोरने बहुतेक वाद्यं स्वतः वाजवून गाणं नव्याने रेकॉर्ड केलं. त्या संकलनाचं नाव 'नाचाच्या उत्तम गाण्यांचा संग्रह' अशा अर्थाचं आहे. फ्लॉइडवर कोण नाचतं?

ईगल्स या अमेरिकन बँडच्या १९७६च्या संकलनाला अमेरिकेत २०१८ साली ३८ पट प्लॅटिनमचा, म्हणजे ३ कोटी ८० लाख प्रतींचा, शिक्का मिळाला, तिथे त्याच्या वर कुणी नव्हतं, आणि त्यात त्यांचं प्रसिद्ध 'हॉटेल कॅलिफोर्निया' नाही, कारण ते तेव्हा यायचंच होतं. ब्रिटनमध्ये २०२२ साली विक्रीचा ७० लाखांचा आकडा गाठणारा पहिला अल्बम म्हणजे आमचा हा सतरा गाण्यांचा. एवढे सगळे लोक आळशी होते म्हणायचं, तर मग जागं कोण होतं?

लेखकांना विनंती, की सतरावाली आवृत्ती मिळवून एकदा शफल बंद करून ऐकावी. त्यातलं 'फ्लॅश' हे गाणं आलं की पुढे ढकलू नये. मला ते मुळीच आवडत नाही, पण मीही ढकलत नाही.

आपली,
एक वाचक

ता.क. पत्र पाकिटात घालण्याआधी दादाला वाचून दाखवलं. 'रॉजरचं शून्य'वर तो हसला. 'ऱ्हॅप्सडी'च्या सिंगलच्या मागच्या बाजूला रॉजरचं 'आय ॲम इन लव्ह विथ माय कार' होतं आणि रॉयल्टी दोन्ही बाजूंना सारखी. तेव्हा रॉजरची काळजी तू करू नकोस, म्हणाला.